घंटा, दंड आणि बारवेतला गाळ

मी रोटेरियन नाही आणि लायनही नाही. नोकरी बँकेतली, दर तीन-चार वर्षांनी बदली. असल्या फिरत्या माणसाला कुठला क्लब सभासद करून घेणार? तरीही पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांमधल्या रोटरीच्या साप्ताहिक सभा मी जितक्या बसून पाहिल्या, तितक्या काही सभासदांनीही पाहिल्या नसतील. दर आठवड्याला सभा, म्हणजे दर आठवड्याला वक्ता हवा. तालुक्याच्या गावाने वर्षाला एवढे वक्ते आणायचे कुठून? डोळ्यांचे डॉक्टर होऊन जातात, आयकरवाले होतात, ‘तणावमुक्त जीवन’वाले तर दोनदा होतात. सगळे संपले की कुणाला तरी आठवतं, ‘अहो, ते बँकेतले साहेब जुन्या विहिरींवर बोलतात म्हणे.’ मग मला फोन येतो.

माझं भाषण बारवांवर. ते वीस मिनिटांचं. पण खरं सांगायचं तर मी जातो तो भाषणाआधीचा अर्धा तास बघायला.

टेबलावर पितळी घंटा आणि लाकडी हातोडी. अध्यक्षांनी ठण्णकन टोला दिला की सभा सुरू. राष्ट्रगीत. मागे भिंतीवर ‘फोर-वे टेस्ट’चा फलक: आपण बोलतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, अशा चार प्रश्नांचा. हर्बर्ट टेलर नावाच्या गृहस्थांनी १९३२ साली ॲल्युमिनियमची भांडी विकणारी शिकागोची एक कंपनी दिवाळखोरीतून वर काढताना स्वतःच्या कामगारांसाठी हे प्रश्न लिहिले. १९४३ मध्ये रोटरीने ते स्वीकारले. हा फलक मी साड्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वरही टांगलेला पाहिला आहे. तिथे भावाची घासाघीस मात्र नेहमीसारखीच चालली होती. राष्ट्रगीतानंतर त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस. एक गुलाबाचं फूल, टाळ्या, ‘वहिनी आल्या नाहीत का?’ असा ठरलेला प्रश्न. मग सचिवांचं निवेदन, जे कुणी ऐकत नाही. आणि मग उठतात सार्जंट-ॲट-आर्म्स.

नाव फौजेतलं, काम मुख्यतः दंड गोळा करायचं. माझ्या ओळखीचे एक सार्जंट दातांचे डॉक्टर होते. हातात पत्र्याचा डबा, चेहऱ्यावर दाढ उपटण्याआधीची शांतता. उशिरा आलात, दंड. कोटाला बिल्ला नाही, दंड. मोबाइल वाजला, दुप्पट. स्थानिक पेपरात फोटो छापून आला, दंड. नवी गाडी घेतली, मोठा दंड. मुलगा दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गेला, तर आनंदाचा दंड. एका किराणा शेठनी कोणाला तरी शुभेच्छा देता देता ‘आपल्याकडे यंदा फराळाचं साहित्य…’ एवढंच म्हटलं, तोवर डबा त्यांच्या पुढ्यात खुळखुळला. स्वतःच्या धंद्याची जाहिरात! शेठनी हसत शंभराची नोट टाकली आणि वाक्य पुरं केलं. जाहिरात स्वस्तात पडली.

लायन्सकडे हेच खातं ‘टेल ट्विस्टर’ सांभाळतो, म्हणजे सिंहाची शेपटी पिळणारा. त्यांच्या आदर्श नियमावलीत या विनोदाचीही कलमं आहेत. एका सभासदाला एकाच सभेत दोनदापेक्षा जास्त दंड करता येत नाही, जमलेले पैसे लगेच खजिनदाराकडे द्यायचे, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा असेल तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. बँकेत हयात गेल्यामुळे असली कलमं वाचून मला कविता वाचल्यासारखं बरं वाटतं.

या दंडाला पोरखेळ समजणारे पुष्कळ आहेत. मला तो क्लबातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. गावातला बडा सर्जन आणि कालपरवा सभासद झालेला मोबाइलवाला, दोघांनाही त्या डब्यापुढे खिशात हात घालावा लागतो. ज्या माणसाला चारचौघांत वीस रुपये हसत देता येतात, त्याच्याकडे पुढे वीस हजार मागायलाही संकोच वाटत नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस हे वकील शिकागोत तीन मित्रांना भेटले. आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायचं ठरलं. हिंदुस्थानात पहिला क्लब कलकत्त्याला १९१९ मध्ये, मुंबईला १९२९ मध्ये. लायन्सचा जन्मही शिकागोचाच, १९१७ चा; १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांना अंधांसाठी झटायला सांगितलं, म्हणून आजही मोतीबिंदूचं शिबिर म्हटलं की लायन्स आठवतात. रोटरीत बायकांना मात्र बरीच वर्षं दार बंद होतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने तीन महिलांना घेतलं म्हणून १९७८ मध्ये त्या क्लबालाच काढून टाकलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल १९८७ मध्ये महिलांच्या बाजूने लागला. आता आपल्याकडेही तालुक्याच्या क्लबांत महिला अध्यक्ष दिसतात, आणि त्यांच्या वर्षात सभा वेळेवर सुरू होते हे माझं निरीक्षण.

त्या इतिहासातली एकच गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. शिकागोच्या क्लबाने हाती घेतलेलं पहिलं मोठं सार्वजनिक काम म्हणजे शहरात मुतारी बांधून घेणं! १९०७ साली त्यांनी लकडा लावला. विरोध कुणी केला, तर दारू गाळणाऱ्यांच्या संघटनेने आणि मोठ्या दुकानदारांनी. पुरुषांची सोय दारूच्या गुत्त्यात होते, बायकांची दुकानात होते, वेगळी मुतारी कशाला? गुत्त्यात शिरलेला माणूस एक पेला घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेवटी मुतारी झाली. आपल्या एसटी स्टँडवर उभं राहून ही गोष्ट आठवली की त्या शिकागोकरांबद्दल भलताच आदर वाटतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. सुरुवातीला नियम असा होता की एका क्लबात एका व्यवसायाचा एकच माणूस. पुढे तो सैल झाला, पण वळण टिकलं. त्यामुळे टेबलाभोवती एक वकील, एक दंतवैद्य, एक सीए, एक हार्डवेअरवाला, एक जेसीबीवाला, एक ठिबक सिंचनवाला असे बसतात. एरवी ही मंडळी एकमेकांना गिऱ्हाईक म्हणूनच भेटतात. इथे ती दर आठवड्याला एका पंगतीला जेवतात. याचा उपयोग काय, ते मी एकदा जवळून पाहिलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावी माझं भाषण संपलं. पडद्यावर शेवटचं चित्र होतं ते त्यांच्याच गावाबाहेरच्या बारवेचं. पायऱ्यांवर घाणेरी माजलेली, पाणी हिरवं. ‘तुमच्याच वेशीवर आहे,’ एवढं म्हणून मी बसलो. आभार झाले, घंटा झाली, सगळे वाट्या-ताटल्या घेऊन उभे राहिले. मागे गप्पा सुरू झाल्या त्या अशा :

‘जेसीबी लावू. माझाच आहे, डिझेल फक्त द्या.’

‘अण्णा, पायऱ्यांवरून जेसीबी उतरायचा कसा? बारव राहील का मग?’ हे ठिबकवाले. ‘यारी लावायला लागेल. विहिरी खोदणारा एक आहे माझ्या ओळखीचा, उन्हाळ्यात त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, पण आता मोकळा आहे.’

‘यारीआधी पाणी उपसायला लागेल,’ हार्डवेअरवाले म्हणाले, ‘पंप माझ्याकडून न्या.’

‘आधी सांगा, सातबारा कुणाच्या नावावर आहे?’ हे अर्थातच वकीलसाहेब. ‘आणि पुरातत्त्व खात्याच्या यादीत आहे का बघा. नाहीतर सेवा करायला जाल आणि नोटीस घेऊन याल.’

गुलाबजाम संपायच्या आत खर्चाचा अंदाज कागदी रुमालावर लिहून झाला होता. हेच काम सरकारी कागदांवरून करायचं म्हटलं असतं, तर अंदाजपत्रकालाच दोन पावसाळे गेले असते. बारव यादीत नव्हती, ग्रामपंचायतीने ठराव करून परवानगी दिली, आणि दिवाळीनंतर काम सुरू झालं. मी रविवारी बघायला गेलो. यारीच्या बादलीतून वर येत होत्या देवांच्या फुटक्या तसबिरी, नारळाच्या करवंट्या, सायकलची रिम, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. खाली गेल्यावर काळाभोर गाळ लागला, तो शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॉलीने स्वतः नेला. दंतवैद्य हातमोजे घालून तसबिरींच्या काचा वेगळ्या करत होते. हातमोजे दवाखान्यातलेच.

आता यात ‘समाजसेवा’ हा शब्द त्या संध्याकाळी कुणी उच्चारला नाही. वर्षभर एकत्र जेवलेल्या माणसांना एकमेकांच्या अंगणात काय पडलेलं आहे ते ठाऊक होतं, एवढंच. पोलिओचं जगड्व्याळ कामही मला याच जातीचं वाटतं. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लसीकरणाला हात घातला, १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ जाहीर केलं. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार आले. पैसा, लस, धोरण हे सारं वरून आलं आणि सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी उन्हातान्हात घरं पालथी घातली, हे आधी म्हटलंच पाहिजे. पण बूथवर मांडव कुणाचा, खुर्च्या कुणाच्या, वाडीवस्तीवर जायला जीप कुणाची, हे प्रश्न अशाच कुठल्यातरी सभेत जेवताना सुटायचे. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

सगळंच गोड आहे असं नाही. एक ब्लँकेट आणि त्याला धरून उभे सहा पदाधिकारी, हा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. नावाआधी ‘रो.’ किंवा ‘ला.’ लावल्याशिवाय बातमी दिली तर पत्रकाराला फोन येतो. १ जुलैला रोटरीचं वर्ष बदलतं, नवे अध्यक्ष येतात आणि जुन्या अध्यक्षांचा लाडका प्रकल्प त्यांच्याबरोबरच ‘माजी’ होतो. एका स्टँडवर एका क्लबाने बसवलेला पाण्याचा कूलर मी पाहिला. अध्यक्षांचं नाव आणि वर्ष ठळक, तोटी गायब. एका वर्षाची खुर्ची हा या संस्थांचा गुण, कारण कुणी गादी अडवून बसत नाही. आणि दोषही तोच, कारण तोटी बसवायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचं. अनेक क्लब आणि इतरही संस्था ते चालवतात. फोटोला अगदी निकामी प्रकार! एखाद्या सभासदाच्या गोदामात वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, पाठ वर करता येणारी खाट, एअर बेड. अनामत भरायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणायची आणि अनामत घेऊन जायची. मी जे केंद्र पाहिलं तिथली वही लाल बासनी कापडाची होती. रकाने : तारीख, नाव, वस्तू, अनामत, परत. वॉकर महिना-दोन महिन्यांत परत येतात, खुबा जुळलेला असतो. खाटा परत येतात तेव्हा सांभाळणारे काका कारण विचारत नाहीत, अनामत मोजून हातात देतात. काही लोक ती घेत नाहीत, ‘असू द्या’ म्हणतात. त्या पैशांचा वेगळा रकाना आहे. दोन कमोड खुर्च्या मात्र दंतवैद्यांच्या डब्यातून आल्या, असं काकांनी मला मुद्दाम दाखवलं. मागे पट्टीवर नाव नाही, फक्त ऑइलपेंटने ‘दंड’ लिहिलेलं.

पूर्वी हजेरीचा जाच मोठा होता. लागोपाठ चार सभा चुकल्या तर सभासदत्वावर गदा. चुकलेली सभा चौदा दिवसांच्या आत दुसऱ्या कुठल्याही गावच्या क्लबात बसून भरून काढायची सोय होती, तिला ‘मेकअप’ म्हणतात. एक डॉक्टर मुलासाठी मुलगी बघायला परगावी गेले आणि कांदेपोहे झाल्यावर ‘जरा मेकअप करून येतो’ म्हणून तासभर गायब झाले. मुलीकडच्यांच्या चेहऱ्यांवर काय उमटलं असेल! लग्न जमलं, आणि पुढे व्याहीही क्लबात आले.

२०१६ मध्ये रोटरीने नियम सैल केले. महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतात. मला हे पटलेलं नाही. पंधरवड्याने भेटणाऱ्या माणसांना कुणाची यारी मोकळी आहे ते कळत नाही. बारववाल्या त्या गावच्या क्लबातही यावर चर्चा झाली. तरुण सभासदांचं म्हणणं रास्त होतं. दुकान, मुलांचे क्लास, दर आठवड्याला कसं जमणार? मतं जवळजवळ निम्मी-निम्मी पडायला लागली होती. तेव्हा दंतवैद्य उठले आणि सभा अर्ध्या झाल्या तर दंडही अर्धा होईल, हे त्यांनी आकड्यानिशी मांडलं. सभा साप्ताहिकच राहिली. ठरावाच्या विरोधात हात वर करणाऱ्या प्रत्येकाला दहा रुपये दंड झाला.