चूळ आणि दातांचे आरोग्य

जेवण संपले की पाण्याने खळखळून चूळ भरावयाची, ही रीत महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वडीलधारी माणसे ती मुलांना लावतात आणि मुले बहुधा ती घाईने उरकतात. या साध्या रीतीमागे कोणते शास्त्र आहे आणि तिचे सामर्थ्य कोठवर पोहोचते, हे समजून घेण्यासारखे आहे.

दातावरील शुभ्र, चकचकीत कवचाला दंतवल्क असे म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. मोडलेले हाड सांधते, खरचटलेली कातडी भरून येते. परंतु दंतवल्काला एकदा खड्डा पडला की शरीर तो कधीही भरून काढू शकत नाही. मग एवढे कठीण कवच किडते तरी कसे?

दात किडतो म्हणजे त्यात एखादी अळी शिरते, असे पूर्वी लोक मानीत. वस्तुतः तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात आणि दातांवर चिकट थर करून ते राहतात. अन्नातील साखर हे त्यांचे खाद्य. तिच्यापासून ते आम्ल तयार करतात आणि या आम्लात दंतवल्कातील क्षार विरघळू लागतात. लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. परंतु दिवसभर गोड खाणे चालूच राहिले, तर लाळेला उसंत मिळत नाही. झीज वाढत जाते आणि अखेरीस दातात खड्डा पडतो. बर्लिन येथे काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने 1890 साली आपल्या ग्रंथात आम्लाची ही कारणमीमांसा मांडली.

केवळ चूळ भरून हे जंतू नाहीसे होतील काय? या प्रश्नाचे उत्तर हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने फार पूर्वीच शोधले होते. 1683 साली त्याने स्वतः घासलेल्या भिंगातून दातांवरील किटण पाहिले, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. त्याने तीव्र शिरक्याने तोंड धुतले. तरीही किटणात ते जिवंतच होते. मग त्याने किटण पाण्यात कालवून त्यात थोडा शिरका मिसळला, तेव्हा मात्र ते तत्काळ मेले. चूळ थराच्या वरच्या जीवांपर्यंतच पोहोचते, आत शिरत नाही, हे त्याने ओळखले.

आपल्याकडील आयुर्वेदाच्या ग्रंथांत तोंड धुण्याचे दोन प्रकार वर्णिले आहेत. तेल किंवा काढा तोंडात खेळवणे म्हणजे कवल आणि तो तोंड भरून न हलवता धरून ठेवणे म्हणजे गंडूष. हिरडा, बेहडा व आवळा यांच्या काढ्याने तोंडातील जंतू कमी होतात, असे काही चाचण्यांत आढळले आहे. कोमट मिठाच्या पाण्याने दुखऱ्या हिरड्यांना आराम पडतो. मात्र दंतवल्काला त्याने बळकटी येत नाही. लिंबाचा रसही नैसर्गिकच; परंतु तो स्वतःच आम्ल असल्यामुळे त्याने दात झिजतात. अतएव नैसर्गिक ते सारे निर्धोक, असे मानणे योग्य नव्हे.

औषधी द्रवांपैकी क्लोरहेक्सिडीन जंतूंवर प्रभावी आहे. परंतु फार दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. किडीला आळा घालण्याच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा फ्लोराइडचा आहे. शेकडा 0.05 सोडियम फ्लोराइड असलेला द्रव रोज एक मिनिट तोंडात खेळवून थुंकून टाकतात. त्याने दंतवल्क आम्लाला अधिक दाद देत नाही. परंतु तो गिळावयाचा नसतो आणि सहा वर्षांखालील बालकांना देत नाहीत. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात मुळातच फ्लोराइड जास्त असते आणि त्यामुळे दातांवर डाग पडतात. म्हणून असे द्रव दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

गोड खाल्ल्यावर भरलेली साध्या पाण्याची चूळ साखर धुऊन नेते, हा लाभ लहान नव्हे. परंतु दातांना चिकटलेला थर घासल्यावाचून निघत नाही. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रशाने दात घासावेत, दोन जेवणांच्या मध्ये गोड खाणे टाळावे आणि चुळीला त्यांच्या जोडीला ठेवावे. दुधाचे दात पडल्यावर येणारे दात जन्मभर पुरवावयाचे असतात. त्यांच्या जागी तिसरे दात येत नाहीत.