आईची मुंबई, एका दिवसात

माझ्या आईने तीस-बत्तीस वेळा मुंबई पाहिली, असे आम्ही भावंडे समजून चाललो होतो. दर सहा डिसेंबरला वस्तीतल्या बायांबरोबर मनमाडहून गाडीत कोंबून बसायचे, दादरला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, बाबासाहेबांना अभिवादन करायचे, शिवाजी पार्कवर फडक्यातली भाकरी सोडायची, स्टॉलवरून एखादे पुस्तक नि नव्या वर्षाचे कॅलेंडर घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. हा तिचा नेम कधी चुकला नाही. मग एकदा माझ्या भाच्याने विचारले, "आजी, गेट वे ऑफ इंडिया केवढा उंच आहे गं?"

आई म्हणाली, "मला काय ठाऊक बाबा? मी दादरच पाह्यलं. तेबी माणसांच्या पाठी पाह्यल्या."

वाचकहो, आपल्या घराघरांत अशा आया, आज्या आहेत. सहा डिसेंबर हा अभिवादनाचा दिवस आहे, फिरण्याचा नव्हे. त्या दिवशी लेकरांना मुंबई दाखवू म्हटले तर दोन्ही गोष्टी धड होत नाहीत. म्हणून म्हातारी माणसे नि मुले घेऊन एखादा साधा दिवस वेगळा काढावा, असे मी ठरवले. भाऊ म्हणाला, "मला खाडा परवडत नाही, तुम्ही जा." मग आई, वहिनी, दहा वर्षांचा भाचा, सहा वर्षांची भाची आणि मी, अशी पाच जणांची स्वारी निघाली.

पण त्याआधी आमची एक फजिती सांगते, कारण शहाणपण तिच्यातूनच आले. तीन वर्षांपूर्वी मी, भाऊ आणि मुले असेच एका दिवसासाठी गेलो होतो. राणीची बाग, घारापुरी, म्युझियम, चौपाटी अशी यादी मोठी होती. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेच्या दारात गेलो तर दार बंद. बुधवार होता आणि बुधवारी बाग बंद असते. भाचीने पेंग्विन पेंग्विन म्हणत तिथेच भोकाड पसरले. तिची समजूत काढायला घारापुरीच्या बोटीत बसलो. जायला तास, यायला तास, वर लेण्यांच्या पायऱ्या. परत गेट वेला उतरलो तेव्हा दिवे लागत होते आणि आमची गाडी निघून गेली होती. रात्र प्लॅटफॉर्मवर वर्तमानपत्र अंथरून काढली. भावाचे दोन दिवसांचे पैसे बुडाले. खाडा परवडत नाही, हे तो उगीच म्हणत नव्हता.

तेव्हा या वेळी मी वही घेऊन बसले आणि उलटीकडून हिशेब मांडला. आधी परतीची गाडी धरली. पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते. सकाळी हीच गाडी मनमाडहून पहाटे निघून सव्वादहाच्या आसपास दादरला सोडते. (वेळापत्रक बदलत असते, तिकीट काढतानाच पाहून घ्यावे.) म्हणजे हातात आठ तास. त्यातला अर्धा तास गाडीच्या आधी स्टेशनात पोचायला, एक तास जेवणाला आणि लघवी-पाण्याला, दोन तास इकडून तिकडे जायला. उरले साडेचार. साडेचार तासांत मुंबई बसत नाही, चार ठिकाणे बसतात. पाचवे कोंबले की पहिली चारही हातची जातात.

मग काय सोडायचे? घारापुरी सोडली, तिला स्वतंत्र दिवस लागतो. राणीची बाग सोडली. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची लेणी सोडताना मात्र माझाच जीव तुटला. शंभरावर लेणी, सहजी दोन पुरुष उंचीच्या बुद्धमूर्ती! पण कान्हेरी एका टोकाला, गेट वे दुसऱ्या टोकाला. एका दिवसात दोन्ही करतो म्हणणारा माणूस दिवसभर लोकलच पाहतो.

वारही असाच निवडावा लागतो. रविवारी लोकलला गर्दी कमी खरी, पण दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि गेट वेला जत्रा. सोमवारी कान्हेरी, घारापुरी बंद, बुधवारी राणीची बाग बंद. आम्ही दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार धरला. पंचवटीत बसायच्या जागा आधीच आरक्षित केल्या. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तेव्हा आईचे तिकीट पूर्ण धरूनच पैसे मोजा.

दादरला पूर्वेकडे उतरलो. हिंदू कॉलनीतले राजगृह तिथून चालत जाण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी हे घर १९३०च्या दशकात बांधले, ते राहण्याइतकेच पुस्तकांसाठी बांधले. पन्नास हजारांवर ग्रंथ होते त्यांचे. वरच्या मजल्यांवर कुटुंब राहते, तळमजल्यावर वस्तू आणि छायाचित्रे पाहता येतात. उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. भाच्याने हळूच विचारले, "आत्या, एवढी पुस्तकं वाचून झाल्यावर ते काय करायचे?" मी म्हटले, "आणखी आणायचे." आई मात्र काहीच बोलली नाही. चपला काढायची गरज नव्हती तिथे, तिने काढल्या.

मग टॅक्सीने पश्चिमेला, चैत्यभूमीवर. टॅक्सीत चार माणसे बसतात. टॅक्सीवाल्याने धाकटीला मांडीवर घ्यायला सांगून पाचही जणांना नेले. सात डिसेंबर १९५६ रोजी याच चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. भय्यासाहेबांच्या खटपटीने स्तूप उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हे सारे आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण त्या मंगळवारी आत आमच्याखेरीज दहा-बारा माणसे असतील. कोणी पुढे सरका म्हणत नव्हते. आई बसली ती बसलीच. मी घड्याळ पाहू लागले तशी वहिनीने मला डोळ्यांनीच गप्प केले. बाहेर आल्यावर आईने समुद्राकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं, हा इतका जवळ आहे?" बत्तीस वर्षांत तिला तो गर्दीआड दिसलाच नव्हता.

जेवण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, कांदा. पुऱ्या नेऊ नका, तेलाने मुलांना तहान फार लागते. आता भगिनींसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. प्रवासात आपल्या बाया पाणी पीत नाहीत, कारण जायचे कुठे हा प्रश्न असतो. उन्हात दिवसभर असे केले की डोके दुखते, लघवीला जळजळते आणि सहलीची आठवण तीच राहते. म्हणून आम्ही वहीत ठिकाणांच्या शेजारी शौचालयेही लिहिली होती. गाडीतून उतरण्याआधी एकदा, दादर स्टेशनवर एकदा, म्युझियममध्ये एकदा, परतीच्या स्टेशनात एकदा. सुटे पैसे वेगळ्या पाकिटात. आईने या वेळी पोटभर पाणी प्यायले.

दादरहून मध्य रेल्वेची लोकल पकडली, बायांच्या डब्यात. बारा वर्षांखालचा मुलगा चालतो. दुपारी दीडच्या सुमाराला बसायलाही मिळाले. हीच गाडी सकाळी दहाला पकडली असती तर भाची चेंगरली असती. तिकीट अजून पाच रुपयेच आहे. २०२५च्या ऑक्टोबरपासून दादरहून जमिनीखालची मेट्रोही थेट फोर्टात जाते. तिला तिकीट जास्त पडते, पण गुडघे दुखणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

टर्मिनसची इमारत बाहेर रस्त्यापलीकडे उभे राहून पाहावी, आतून तिचा अंदाज येत नाही. १८७८ मध्ये काम सुरू झाले, बांधायला दहा वर्षे लागली. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जी.आय.पी. कंपनीची ही मुख्य कचेरी. त्याच कंपनीच्या रुळांवर माझ्या आज्याने गँगमध्ये गिट्टी टाकली. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, "म्हणजे आपलं ऑफिस!"

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने कमानींच्या सावलीत थोडे चाललो. याच रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालय. १९४६ साली सुरू झालेले, आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींतले. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून त्याचे वर्ग सकाळी भरत. आम्ही दारातूनच पाहून पुढे निघालो.

म्युझियमला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडले. तिकीट आपल्या खिशाला जड आहे, मुलांना व ज्येष्ठांना कमी पडते. बाग, घुमट आणि दारावरचे गणवेशातले पहारेकरी पाहून आई फाटकातच थांबली. "पोरी, तुम्ही जाऊन या. मी बसते इथं झाडाखाली."

मला वाटले गुडघे दुखत असतील. तसे नव्हते. हळूच म्हणाली, "आत सोडतील का मला? ह्या लुगड्यावर?"

मी काही भाषण दिले नाही. तिकिटे काढून आणली आणि तिचे तिकीट तिच्याच हातात दिले. पहारेकऱ्याने ते पाहिले, "या आजी" म्हणाला आणि पाण्याची जागा दाखवली. एवढेच.

सगळे दालन पाहायला जाऊ नका, पाय मोडतात. आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या होत्या. मुलांसाठी पेंढा भरलेले प्राणी आणि आईसाठी बुद्धमूर्ती. सिंधमधल्या मीरपूर खास येथे, आता पाकिस्तानात, विटांचा एक स्तूप होता. त्याच्यावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती इथे आहेत, सुमारे पंधराशे वर्षांच्या. आईने तरुणपणी वीटभट्टीवर काम केले आहे. ती काचेजवळ गेली, मान वाकडी करून कडा पाहिल्या. "भट्टी चांगली लागली आहे हिला. कुठं कच्ची नाही." मग वहिनीला बोलावून तिने माती कशी मळली असेल, किती दिवस सावलीत वाळवली असेल, हे सांगायला सुरुवात केली. शेजारी उभी असलेली कॉलेजची दोन मुलेही ऐकत राहिली. पाऊण तास गेला तिथे. माझ्या वहीत वीस मिनिटे लिहिली होती.

त्यामुळे गेट वेला अर्धाच तास मिळाला, पण पुरला. २६ मीटर उंच, हे भाच्याने तिथल्या तिथे पाठ केले. १९११ मध्ये इंग्रज राजा आला त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ साली पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण हिच्याखालूनच बोटीकडे गेली. फोटोवाल्याकडून एकच फोटो काढला, भाव आधी ठरवून. मुलांच्या खिशात आमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी सकाळपासून होतीच. गर्दीत चुकामूक झाली तर कुठे उभे राहायचे हेही प्रत्येक ठिकाणी उतरल्याबरोबर ठरवत होतो.

पावणेसहाला स्टेशनात, सव्वासहाला गाडीत, आपापल्या जागेवर. बाहेर लोकलवर माणसांचा लोंढा होता. तिथे शिरावे लागले नाही, कारण शेवट मुद्दाम टर्मिनसजवळ ठेवला होता. मुले कल्याणच्या आत झोपली. आईने पाय वर घेतले, गुडघ्याला तेल चोळले. इगतपुरीला चहा घेतला तेव्हा म्हणाली, "ते कान्हेरी म्हणालीस, तिथं पायऱ्या किती आहेत?"

मी म्हटले, पुष्कळ आहेत, पण फाटकापासून लेण्यांपर्यंत बस जाते आणि पहिली मोठी लेणी खालीच आहेत.

"मग सोमवार सोडून कधीचं बघ," ती म्हणाली.