करंज, कुमारिन आणि लिमयांचं ‘रसायनम्’

शनिवार पेठेतून भिडे पुलावरून मुठा ओलांडली, डेक्कनवरून फर्ग्युसन रस्त्याला लागलं की रानडे इन्स्टिट्यूटचं फाटक येतं. पत्रकार व्हायचं असलेली मुलं आणि जर्मन, फ्रेंच, रशियन शिकणारी मंडळी यांची ही वास्तू, एवढीच ओळख आता पुणेकरांना उरली आहे. संस्थेचं मूळचं नाव मात्र लांबलचक होतं: रानडे इंडस्ट्रियल अँड इकॉनॉमिक इन्स्टिट्यूट. त्यातलं ‘इंडस्ट्रियल’ लोकांच्या बोलण्यातून कधीच गळून पडलं. आणि त्या गळालेल्या शब्दाबरोबरच डी. बी. लिमये हे नावही गेलं.

हे लिमये सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. आजही जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत एखाद्याला ‘टू-ॲसिटिल रेसॉर्सिनॉल’ हे संयुग बनवायचं असलं तर जी ठरलेली पाककृती तो उघडतो, तिच्या तळटिपेत लिमये आहेत. पुणेकरांना वि. का. राजवाडे ठाऊक, धोंडो केशव कर्वे ठाऊक; आपल्या गावातल्या एका अभिक्रियेला स्वतःचं नाव आहे आणि ती पाठ्यग्रंथांत गेली, हे सांगितलं तर बहुतेकांचा विश्वास बसणार नाही.

काळ लक्षात घ्यायला हवा. फर्ग्युसन कॉलेजचे पहिले वर्ग १८८५च्या जानेवारीत शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात भरले. पुढे कॉलेज नदीपलीकडे गेलं, प्रयोगशाळा आल्या, रसायनशास्त्र शिकवलं जाऊ लागलं. पण परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या, आणि प्राध्यापकाचं काम म्हणजे मुलांना त्या परीक्षेतून पार करणं. नवं काही शोधून काढणं हे कुणाच्या नेमणूकपत्रात नव्हतं. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९४९ मध्ये. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं ते १९५०च्या जानेवारीत. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने जे करायचं असतं, म्हणजे प्रश्न निवडायचा, त्यावर विद्यार्थी बसवायचे आणि आलेलं उत्तर छापून जगापुढे ठेवायचं, ते लिमये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, गावात विद्यापीठ येण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी करत होते. न्यायमूर्ती रानड्यांनी आयुष्यभर देशी उद्योगांचा धोशा लावला होता. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१० साली, त्यांच्या स्मरणार्थ ही संस्था उभी राहिली. तेव्हा तिथे झाडांच्या बिया उकळणारा माणूस असणं रानड्यांच्या विचारांना धरूनच होतं.

बिया होत्या करंजाच्या. नदीकाठी, रस्त्याकडेला वाढणारं हे झाड. पावसाळ्याआधी नवी पालवी लकाकते, फुलांचा सडा पडतो, आणि चपट्या शेंगांत एक-दोन बिया. बियांत तीस टक्क्यांच्या आसपास तेल. कोकणात त्याला करंजेल म्हणतात. दिव्याला, जनावरांच्या खरजेला, माणसांच्या गजकर्णाला ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. खायच्या कामाचं मात्र नाही, कारण ते कडू. हा कडूपणा आणि औषधीपणा तेलाच्या चरबीत नसतो. त्यात विरघळलेल्या, फार तर टक्का-दीड टक्का असलेल्या दुसऱ्याच पदार्थांत तो असतो. लिमयांनी तेलातून त्यांतला एक पदार्थ स्फटिकांच्या रूपात बाजूला काढला आणि १९२५च्या इंडियन सायन्स काँग्रेसपुढे मांडला. त्याचं नाव करंजिन.

स्फटिक हाती आले, पुढचा प्रश्न त्यांच्या आत काय आहे हा. आजची एम.एस्सी.ची मुलगी नमुना एनएमआर यंत्रात घालते आणि संध्याकाळपर्यंत रेणूचा नकाशा तिच्यासमोर असतो. त्या काळी रेणू दिसत नसे, तो तोडून तुकड्यांवरून ओळखावा लागे. संयुग जाळून त्यातल्या कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण काढायचं. अल्कलीत उकळून तोडायचं. प्रत्येक तुकड्याचा वितळणांक मोजायचा, आणि तुकडा अमुकच आहे असा संशय आला की ते संयुग स्वतः बनवून दोन्ही मिसळायचे. मिश्रणाचा वितळणांक खाली घसरला नाही तरच संशय खरा. थर्मामीटर, बर्नर आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर हा सगळा व्यवहार चाले.

करंजिन म्हणजे C₁₈H₁₂O₄. अल्कलीत तोडलं की एका बाजूला मिळतं बेन्झॉइक आम्ल, जे कुणालाही ओळखता येतं. दुसऱ्या बाजूला मिळतं एक अनोळखी आम्ल, करंजिक आम्ल. ते तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून देतं आणि उरतं करंजॉल. या करंजॉलमध्ये सगळी गोम आहे. बेन्झीनच्या षट्कोनाला ऑक्सिजन असलेलं एक पंचकोनी कडं, म्हणजे फ्युरान, चिकटलेलं. आणि षट्कोनावरच आणखी एक हायड्रॉक्सिल गट. हे कडं ज्या जागी चिकटलंय, ती जागा रसायनशास्त्रज्ञांच्या दृष्टीने अत्यंत अडचणीची.

का, ते समजायला रेसॉर्सिनॉल हा साधा, रंगांच्या कारखान्यात पोत्यांनी येणारा पदार्थ घ्यावा लागेल. बेन्झीनच्या षट्कोनावर दोन हायड्रॉक्सिल गट, एक आड एक कोपऱ्यावर. त्या दोघांच्या मध्ये सापडलेला कोपरा म्हणजे जागा क्रमांक दोन. रेसॉर्सिनॉलवर ॲसिटिल गट बसवायला गेलं तर तो बाहेरच्या, मोकळ्या कोपऱ्यावर, म्हणजे चार नंबरवर जाऊन बसतो. (सहा नंबरही तसाच मोकळा, आणि रेणूच्या सममितीमुळे चार आणि सहा एकच.) ही अभिक्रिया एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती आणि भरपूर उतारा देणारी होती. मधल्या, दोन नंबरच्या जागेवर मात्र गट जायला तयार नसतो. आणि करंजॉलच्या पंचकोनी कड्यातला कार्बन नेमका त्या दोन नंबरवर बसलेला! निसर्गाने करंजाच्या बीमध्ये जे सहज केलं, तिथे काचेच्या चंबूत हात पोचत नव्हता.

लिमयांची युक्ती अशी. आधी रेसॉर्सिनॉलला ॲसिटोॲसेटिक एस्टर जोडून त्याचं कुमारिन, म्हणजे षट्कोनाला आणखी एक कडं चिकटलेलं संयुग, बनवायचं. ही पेखमानची १८८३ची जुनी, हमखास अभिक्रिया. सल्फ्युरिक आम्ल घातलं की होते, आणि मिळणारं संयुग अल्कलीत सुरेख निळं चमकतं. यात मोकळ्या दोन कोपऱ्यांपैकी एक कुमारिनच्या नव्या कड्यात अडकून पडतो. उरलेल्या हायड्रॉक्सिलवर ॲसिटिल गट चढवायचा. मग ते संयुग ॲल्युमिनियम क्लोराइडबरोबर १६०-१७० अंशांवर भाजायचं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फेरबदलात ॲसिटिल गट ऑक्सिजनवरून सुटतो आणि शेजारच्या कार्बनवर उडी घेतो. शेजारी दोन आहेत. साध्या रेसॉर्सिनॉलमध्ये तो मोकळ्या बाजूला गेला असता. कुमारिनच्या कड्यामुळे इलेक्ट्रॉनांची वाटणी अशी होते की तो मुख्यतः आतल्या बाजूला, आठव्या कार्बनवर जातो. कुमारिनच्या मोजणीत जो आठवा, तोच मूळच्या रेसॉर्सिनॉलचा दुसरा.

आता कुमारिनचं काम संपलं. स्लॅब वाळला की सेंटरिंग काढतात, तसं ते काढून टाकायचं. मिश्रण कॉस्टिक सोड्यात, हवा लागू न देता, तापवलं की ते कडं फुटतं आणि ॲसिटोन व कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. उरतं हवं असलेलं टू-ॲसिटिल रेसॉर्सिनॉल: पिवळसर स्फटिक, वितळणांक १५४-१५५ अंश. एका कोपऱ्यावर हलकं कडं बांधून दुसऱ्या कोपऱ्याचं दार उघडायचं आणि मग कडंच मोडून टाकायचं, ही कल्पना आज सेंद्रिय रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. १९३२ साली ती तशी नव्हती. त्या वर्षी लिमयांनी ती जर्मन केमिकल सोसायटीच्या ‘बेरिश्टे’ या नियतकालिकात छापली. तेव्हा रसायनशास्त्रात ‘बेरिश्टे’त छापून येणं म्हणजे वरच्या न्यायालयाचा निकाल. दोन वर्षांनी, १९३४ मध्ये, पुन्हा तिथेच दुसरा लेख. कुमारिनमधून जाणाऱ्या या पद्धतीला लिमयांनी ‘निधोन प्रक्रिया’ असं नाव दिलं, आणि ते टिकलं. कुमारिनांवरच्या पुढच्या आढावा-लेखांत ते त्याच नावाने येतं.

इथपर्यंतची कथा सरळ आहे. यापुढे लिमयांनी जे केलं त्यावर माझं मन आजही दोन्हीकडे झुकतं. १९३६ मध्ये त्यांनी पुण्यातून स्वतःचं नियतकालिक काढलं, ‘रसायनम्’. करंजिक आम्ल आणि करंजॉल यांवरचं काम त्याच्या सुरुवातीच्याच पानांत आलं. त्यानंतर निधोन प्रक्रियेची एकेक शाखा तिथेच छापली जाऊ लागली. लिमये आणि केळकर, लिमये आणि गांगल, लिमये आणि साठे, लिमये आणि मुंजे: सहलेखकांची यादी वाचताना पेठेतल्या वाड्याबाहेरची पाटी वाचल्यासारखं वाटतं. पहिला खंडच कित्येक वर्षं चालला; १९४१चे संदर्भही पहिल्याच खंडातल्या दोनशेच्या पुढच्या पानांचे आहेत. पैसा आणि मजकूर हातात येईल तसतसं छापायचं, असा हा कारभार असणार.

भारतात तेव्हा दुसरी नियतकालिकं नव्हती असं नाही. कलकत्त्याची इंडियन केमिकल सोसायटी १९२४ पासून आपलं जर्नल काढत होती. बंगळूरला रामन यांनी १९३४ मध्ये विज्ञान अकादमी स्थापन करून तिची ‘प्रोसीडिंग्ज’ सुरू केली होती. लिमये तिथे गेले असते तर त्यांचं काम पटकन वाचलं गेलं असतं. याचा हिशेब करंजिनच्याच बाबतीत मांडता येतो. करंजिनवर पुढे बंगळूरच्या मंजुनाथांनी काम केलं, आंध्र विद्यापीठात शेषाद्रींनी केलं. शेषाद्रींच्या गटाने १९४०च्या सुमारास करंजिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि ते अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापलं. आज कुणीही ते लेख घरबसल्या उघडून वाचू शकतो. ‘रसायनम्’मधल्या कामाची खबर जगाला मुख्यतः ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’मधल्या चार ओळींच्या गोषवाऱ्यातून लागत असे. ‘बेरिश्टे’त दोन वेळा स्वीकारल्या गेलेल्या माणसाने आपलं उत्तम काम हाताने अडगळीत टाकावं, याचा राग येतो. पण असंही वाटतं की प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि छापखाना हे तिन्ही एकाच गावात असले पाहिजेत, असा आग्रह धरणारा माणूसच विद्यापीठाशिवाय संशोधनाची परंपरा उभी करू शकतो. तडजोड करणाऱ्याने कदाचित नोकरीसाठी पुणं सोडलं असतं.

निधोन प्रक्रियेचं नशीब मात्र चांगलं निघालं. अमेरिकेत ‘ऑरगॅनिक सिंथेसेस’ नावाची एक मालिका निघते. तिचा नियम कडक: लेखकाने पाठवलेली प्रत्येक कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत पुन्हा करून बघायची, तेवढाच उतारा मिळाला तर छापायची. १९४१च्या खंडात रसेल आणि फ्राय यांनी टू-ॲसिटिल रेसॉर्सिनॉलची कृती दिली. कुमारिन, ॲसिटिल गट, ॲल्युमिनियम क्लोराइड, कॉस्टिक सोडा, सगळा मार्ग लिमयांचा. संशोधनाच्या दाव्यांची गर्दी फार असते, पण परक्या देशात परक्या हातांनी करून पाहिलेली कृती हे वेगळ्या दर्जाचं प्रमाणपत्र आहे.

या रेणूला पुढे एक अनपेक्षित काम मिळालं. रॉजर अल्टून्यान हे ब्रिटनमधले डॉक्टर स्वतः दमेकरी. औषध कंपनीत नवी संयुगं तयार झाली की ते आधी स्वतःवर दम्याचा झटका आणून ती ओढून बघत. वर्षानुवर्षं चाललेल्या या उद्योगातून १९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागलं, जे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना आवर घालतं. त्याचे डोळ्यांत घालायचे थेंब अजूनही औषधाच्या दुकानात मिळतात. त्याची रचना पाहिली की मजा वाटते: टू-ॲसिटिल रेसॉर्सिनॉलचे दोन रेणू तीन कार्बनांच्या पुलाने जोडायचे, मग प्रत्येकावर आणखी एक कडं बंद करायचं. कारखान्यांनी हा कच्चा माल बनवण्याचे आपापले स्वस्त मार्ग शोधले. त्यातला कुठला मार्ग पुण्याचा, असा दावा करण्यात अर्थ नाही. पण लिमयांनी ज्या संयुगासाठी वाट पाडली, त्याला औषधात एवढं स्थान असेल हे १९३२ साली कुणाच्या गावीही नव्हतं.

आणि करंज? गेल्या काही दशकांत त्याच्याकडे बायोडिझेलचं झाड म्हणून पाहिलं गेलं. पडीक जमिनीत येतं, पाणी कमी लागतं, शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवर नत्र धरतं. तेलातून करंजिन वेगळं काढणं तेव्हा पुन्हा चर्चेत आलं, या वेळी अडचण म्हणून. शेतकऱ्याला ती अडचण फार आधीपासून उपयोगाची ठरली होती. करंजाची पेंड खतात मिसळण्याची पद्धत जुनी आहे. कृषी संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की करंजिन मातीतल्या नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतं. त्यामुळे युरियातून सुटलेलं नत्र अमोनियमच्या रूपात जास्त दिवस मातीला धरून राहतं, नायट्रेट होऊन पाण्याबरोबर वाहून जात नाही. या कामासाठी रेणूतलं फ्युरानचं कडं महत्त्वाचं समजलं जातं, म्हणजे रेसॉर्सिनॉलच्या त्या अवघड, मधल्या कोपऱ्याला चिकटलेलं कडं.