सोमवारची निळी गोळी

पहाटे ५.४५. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंची गाडी मैदानाला वळसा घालून गेली. माझ्या सोळा पोरी पळताहेत. त्यातली सर्वांत वेगवान, नववीतली, ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन वं?"

"दम लागते, सर."

मागच्या आठवड्यात याच उत्तरावर मी तिला दोन फेऱ्या जास्तीच्या मारायला लावल्या होत्या. आळस वाटला होता. आज जवळ गेलो, तर ओठाच्या कडेला पांढरी भुकटी. खडू! लोह कमी पडतंय की काय, म्हणून खालची पापणी तिलाच ओढायला लावली. आत लाली अशी नाहीच.

७.१५. पोरी घरी गेल्या. न्याहारी म्हणजे चाय-टोस्ट. वाढत्या वयात पाळीतून लोह जातं, घामातून थोडं जातं, पळताना तळपाय आपटून काही तांबड्या पेशी फुटतात. त्यावर जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह अडवतो.

११.००. त्या पोरीला शाळेतल्या बाईंसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं.

१२.३०. खिचडी, आणि सोमवार म्हणून निळी गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या, त्यावरचा हा आठवड्याचा उतारा. रजिस्टरात सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. सुट्टीनंतर कडुलिंबाच्या बुंध्याशी सात निळ्या गोळ्या सापडल्या. "गोयी खाल्ली का मयमयते, सर." खोटं नाही ते. पण उपाशीपोटी घेतली की जास्तच मळमळतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मीही नाही.

२.१०. बाई परतल्या. हिमोग्लोबिन १२.१. बाराच्या वर, म्हणजे कागदावर सगळं ठीक. गोम इथेच आहे. शरीर आधी साठ्यातलं लोह संपवतं, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. साधी पोरगी यात निभावून नेते; धावणारीचा दम आधी जातो. साठा कळतो फेरिटिनवरून. त्यासाठी वाशिम गाठायचं.

५.३०. संध्याकाळचा सराव. तिला शिट्टी आणि घड्याळ दिलं. रुसली.

७.००. तिच्या घरी. आई वावरातून नुकतीच आलेली. पहिल्यांदा चहाच पुढे आला.

"बंद करू का मंग इची चाय?"

"बंद नको. खाण्यापासून तासभर लांब ठेवा. आणि तपासणी होईस्तोवर मनानं रोज गोळ्या देऊ नका."

"अन् सकाळी उपाशीच पयीन का?"

भिजवलेले हरभरे, वर लिंबू, म्हणालो. लिंबानं हरभऱ्यातलं लोह जास्त अंगी लागतं. परवा वाशिमला खताच्या कामानं जायचंच आहे, तेव्हा पोरीला नेते म्हणाली. मग डब्यातून दोन मुठी हरभरे काढून पाण्यात टाकले. लिंबू घरात नव्हतं. पोरगी शेजारी मागायला गेली.