चाचांची गाडी, चाचीची अमानत

चाचाजानच्या इंतकालाला वर्ष होत आले तेव्हा चिपळूणहून चाचीचा फोन आला. “बेटा, मागच्या शेडमधल्या दोन्ही गाड्यांचे मिळून भंगारवाला अठ्ठावीस हजार देतो म्हणतोय. तू मुंबईत असतोस, तुला कळतं. तूच विकून टाक.”

खरे तर मला काहीच कळत नव्हते. पण घरातल्या बेवा बाईने माल आपल्या हाती सोपवला की ती अमानत होते. “थोडं थांबा चाची, गाड्या द्यायच्या नाहीत,” एवढेच म्हणालो आणि पुढच्या जुम्म्यानंतर चिपळूण गाठले.

शेडमध्ये एक होती ऐंशीच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी. दुसरी १९५५ची फियाट ११००, पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी, गिअर स्टिअरिंगजवळ असलेली. बाजारात या मॉडेलला जे टोपणनाव आहे ते चाचांनी कधी तोंडातून काढले नाही. ते तिला कौतुकाने ‘मिलेचेंतो’ म्हणत. इटालियनमध्ये त्याचा अर्थ अकराशे. कित्येक वर्षांत दोन्ही गाड्या जागच्या हललेल्या नव्हत्या.

ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींना सोबत नेले होते. त्यांनी पहिलीच ताकीद दिली, “कुणीही सेल मारायचा नाही.” वर्षानुवर्षे बंद इंजिनात पेट्रोलचा चिकटा होतो, पिस्टन अडकतात, गंज धरतो. उत्साहाने गाडी सुरू करायला जावे तर दुरुस्त होण्याजोगे इंजिनही मोडते. दुसरी ताकीद रंगाची. विकण्याआधी रंग मारला की जाणकार गिऱ्हाईक उलट सावध होते, कारण रंगाखाली पुट्टी किती हे कळत नाही. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवायचे. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. धूळ हलक्या हाताने पुसा, बाकी गाडी आहे तशी राहू द्या.

मग आम्ही वही घेतली. चॅसी आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. बोनेटवरचा बिल्ला, चाकांच्या टोप्या, काचा, मीटर, जॅक, मूळ चाव्या, जुनी बिले, काय आहे आणि काय नाही ते लिहून काढले. अशा गाडीची किंमत या यादीवर ठरते. इंजिन बनवून घेता येते. हरवलेला बिल्ला मात्र वर्षभर शोधूनही मिळत नाही.

कागदांचा प्रश्न वेगळाच होता. गाड्या चाचांच्या नावावर, म्हणजे आता सर्व वारसांच्या. आरटीओत मालकाच्या मृत्यूनंतर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर चढवावी लागते. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० त्यानंतर. चाचीला दोन मुलगे, तीन मुली. थोरला म्हणाला, “बहिणी सासरी आहेत, त्यांना कशाला त्रास?” मी म्हटले, “हक्क आहे तो त्यांचा, त्रास कसला?” पाचही जणांच्या सह्या घेतल्या.

पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये वेगळे नियम केले आहेत. मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि आधीच नोंद असेल तर जुना नंबर कायम राहतो. रोजच्या वापराला मात्र ती चालत नाही. फियाट यात बसत होती, पद्मिनीचे वय कमी पडत होते. म्हणून दोघींचा भाव वेगवेगळा काढला. फियाट जतन करण्याजोगी, पद्मिनी सुट्या भागांच्या मोलाची.

भाव काढताना जाहिरातीतले आकडे धरू नयेत. ती मागणी असते. खरोखर विकल्या गेलेल्या गाड्यांची चौकशी करावी. चालू गाडीच्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि किमान तीन जाणकारांचे मत घ्यावे. आम्ही हेच केले.

खरी परीक्षा पुढे होती. २२ जुलै २०२१च्या महापुरात शेडमध्ये सीटपर्यंत पाणी चढले होते. दारांच्या आतून चिखलाची रेघ अजून दिसत होती. धाकटा म्हणाला, “भाई, दारांचे पॅड बदलू, कुणाला कळणार? अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.” क्षणभर मीही गप्प झालो. पण मालातला ऐब लपवून आणलेल्या पैशाने चाचीला चालते करायचे, हे मनाला पटेना. त्या रेघेचा फोटो काढला आणि इतर फोटोंबरोबर सर्वांना पाठवला.

एका गिऱ्हाइकाने फोन उचलणे बंद केले. दुसऱ्याने भाव पाडला. तिसरे पुण्याचे गृहस्थ स्वतः आले. त्यांच्याकडे याच मॉडेलची दुसरी गाडी होती. त्यांनी खाली सरकून गिअरबॉक्सचा बोल्ट सैल केला. तेलाआधी गढूळ पाणी गळाले. हात पुसत म्हणाले, “तुम्ही आधी बोलला नसता तर मी इथूनच परत गेलो असतो.”

फियाट १ लाख ३० हजारांना गेली, पद्मिनी ३८ हजारांना. हे आकडे आमच्या गाड्यांचे. तुमच्या गाडीला तेच लावू नका. पैसे बँकेतून घेतले, ‘आहे त्या स्थितीत’ असा करार लिहिला आणि नावे बदलल्यावरच गाड्या ट्रेलरवर चढवल्या. नाहीतर उद्या काही झाले तर नोटीस आपल्याच दारात येते. माझा प्रवासखर्च चाचीने देऊ केला, तो मी घेतला नाही. घ्यायचा असता तर आधी सर्वांना सांगून घेतला असता. गुपचूप दलाली अमानतीत बसत नाही.

१ लाख ६८ हजारांतून चाचीचा आठवा हिस्सा २१ हजार. उरलेल्यातून प्रत्येक मुलीला २१ हजार, प्रत्येक मुलाला ४२ हजार. रक्कम ज्याच्या त्याच्या हाती दिली. मग थोरल्या मुलीने आपले पाकीट आईच्या मांडीवर ठेवले. तिच्यामागून बाकीच्या चौघांनीही ठेवले.

गुडघ्याचे ऑपरेशन शव्वालमध्ये झाले. चाची आता शेडपर्यंत चालत जातात. तिथे फियाटच्या टायरांचे चार काळे डाग तेवढे उरले आहेत.