मंडळी आणि दरबार : ना. वा. टिळकांच्या 'देवाचा दरबार' या प्रयोगाचा विचार

मराठी बायबलात 'चर्च' या अर्थी 'मंडळी' हा शब्द रूढ झाला, या गोष्टीची आपल्या भाषाभ्यासात पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून एकत्र आणलेला समुदाय. वास्तूचा अर्थ त्यास पुढे चिकटला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या 'चर्च' या शब्दात वास्तू, संस्था व समुदाय हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले. मराठीतील मंडळीला मात्र भिंती नाहीत. नाटक मंडळी असते, भजनी मंडळी असते, लग्नाला जमलेली पाहुणे मंडळी असते. जुन्या पिढीतील गृहस्थ तर पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करीत. म्हणजे नवी मंडळी स्थापन करणे आणि नवे प्रार्थनामंदिर बांधणे या मराठीत सहजच दोन निरनिराळ्या क्रिया ठरतात. ख्रिस्ती मंडळी मराठी भूमीत नव्याने उभी राहते तेव्हा नेमके काय उभे राहते, हा प्रश्न या भेदामुळे नीट विचारता येतो. त्याचे सर्वांत धीट उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापून दिले.

टिळकांकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या उपनगरांतील एका जुन्या उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशी स्थानके ज्या भूमीवर आहेत ती साष्टी. (गोव्यातही एक साष्टी आहे. दोन्ही नावांच्या मुळाशी सहासष्ट गावे असल्याचे मानले जाते. 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स यांची साष्टी ती गोव्याची, ही नव्हे. अभ्यासकांकडूनही येथे कधी कधी गल्लत होते.) १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला आणि येथे धर्मप्रसार सुरू झाला, तो राजसत्तेच्या आधाराने व वास्तूच्या द्वारे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर या शैव लेण्याचे फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी प्रार्थनास्थळ केले व वरच्या टेकडीवर आपला मठ उभारला. अंधेरीच्या पूर्वेस मरोळ भागात जेज्वितांनी १५७९ मध्ये योहान बाप्तिस्ताचे मंदिर बांधले. दोन्ही ठिकाणी वास्तू आधी आणि मंडळी मागाहून, असा हा क्रम आहे.

पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. १७३७ मध्ये साष्टी व १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, पोर्तुगीज धर्मगुरूंना हा मुलूख सोडावा लागला. पण स्थानिक व गोमंतकीय धर्मगुरूंच्या आधाराने येथील ख्रिस्ती समाज टिकून राहिला. मरोळचे मंदिर १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडले, समाज दुसरीकडे सरकला आणि त्याने नवे मंदिर बांधले. जुन्या मंदिराचे अवशेष आज 'सीप्झ'च्या कुंपणाआड आहेत. ज्या समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले, तो बोलत राहिला मराठीच. फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश या पोर्तुगीज धर्मगुरूने सतराव्या शतकात ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले मराठी पुराण मुंबईत १८४५ मध्ये पुन्हा छापावे लागले, हे पुरेसे सूचक आहे. राज्य गेले, लेण्यातील वेदी गेली, मंदिर पडले. पुराण मात्र मागणी होती म्हणून पुन्हा छापले गेले. वास्तूपासून सुरुवात झालेली मंडळी अखेरीस भाषेच्या आधारानेही तगली, असे यावरून म्हणता येते.

टिळकांनी हा क्रमच उलटा केला. त्यांच्यापाशी भाषा होती. वास्तू नव्हती, आणि तशी ती त्यांना नकोही होती.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची सुमारे बावीस वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनशी निगडित राहिले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्यांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले, उपासनेसाठी पदे रचली, कीर्तने केली. मिशनने त्यांना पुष्कळ दिले, हे नाकारता येणार नाही. पण पगार परदेशातून, धोरण परदेशी मंडळींच्या विचाराने आणि गाणीही बव्हंशी परदेशी चालींवर, या रचनेत मराठी ख्रिस्ती माणूस कायमचा पाहुणा राहतो, ही त्यांची तक्रार उत्तरोत्तर तीव्र होत गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा संबंध सोडला, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास 'दरबार' मांडला.

असा विचार करणारे टिळक पहिले नव्हते. मद्रासला १८८६ मध्ये 'नॅशनल चर्च' निघाले होते. कलकत्त्यास १८८७ मध्ये कालीचरण बॅनर्जी प्रभृतींनी 'ख्रिस्तो समाज' काढला होता. या दोन्ही प्रयत्नांत मुख्य प्रश्न होता तो पंथभेद मोडण्याचा व कारभार स्वतःच्या हाती घेण्याचा. टिळकांचे पाऊल याच्या पुढचे आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त दरबारात समान मानले जाणार होते. आपण नवा पंथ काढीत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

येथे 'दरबार' या शब्दाची निवड ध्यानात घेतली पाहिजे. 'मंडळी' हा शब्द माणसामाणसांतील नाते सांगतो. मंडळीत कोण आहे व कोण नाही हे ठरवावे लागते, आणि मिशनच्या व्यवस्थेत ते सभासदांच्या नोंदवहीवरून ठरत असे. 'दरबार' हा शब्द माणसांचे राजाशी असलेले नाते सांगतो. राजा एकच, त्याच्यापुढे उभे राहणारे सरदार असोत वा अर्जदार, त्यांची प्रतिष्ठा तो देईल तेवढीच. दरबारात सभासदत्व नसते, हजेरी असते. मराठी भाविकाला देवाचा वा गुरूचा दरबार परिचयाचा असल्याने ही कल्पना त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती. एका शब्दाने टिळकांनी प्रवेशाची अटच बदलली.

ही अट त्यांना का बदलावीशी वाटली, याचे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त अधिक स्पष्ट मिळते. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याची वार्ता, त्यानंतरची ताटातूट, नातलगांत वाट्यास आलेली कुचंबणा, पुढे एकत्र आल्यावरही जपलेले आणि हळूहळू गळून पडलेले सोवळे, आणि अखेर १९०० मधील त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. या क्रमात एक गोष्ट उठून दिसते. लक्ष्मीबाईंचे मन संस्काराच्या आधीच पालटलेले होते. संस्काराने त्यावर शिक्का उमटला. उलट टिळकांच्या बाबतीत त्या एका दिवसाने घर मोडले होते. बाप्तिस्मा हा श्रद्धेचा आरंभ आहे की समाजातून बाहेर पडण्याचा दाखला, हा प्रश्न त्यांनी संसारात भोगलेला होता. मराठी समीक्षेने 'स्मृतिचित्रे'ची प्रांजळता व विनोद यांचे भरपूर कौतुक केले. पण हे पुस्तक १९१७ च्या प्रयोगाची पार्श्वभूमी म्हणून क्वचितच वाचले जाते. आपल्या पाठ्यपुस्तकांतले टिळक 'फुलांमुलांचे कवी' आहेत आणि मंडळीच्या गीतसंग्रहातले टिळक निराळेच आहेत. हे दोन टिळक एकमेकांना भेटत नाहीत, हा आपल्या वाङ्मयेतिहासाचा दोष आहे.

दरबाराची उपासना म्हणजे मुख्यतः भजन व कीर्तन. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. 'अभंगांजली'तील रचना हा त्या पुलाचा प्रत्यक्ष पुरावा होय. अभंगाचा छंद घेतला म्हणजे केवळ चाल घेतली असे होत नाही. देवाशी भांडणे, रुसणे, लाडीगोडी लावणे, स्वतःला पोर म्हणवून घेणे हा सगळा भाव त्याबरोबर येतो. भाषांतरित स्तोत्रांतला भक्त सहसा विनय सोडीत नाही. टिळकांचा भक्त देवाच्या गळ्यात पडतो.

मात्र या प्रयोगाकडे केवळ कौतुकाने पाहणे योग्य होणार नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार व मांग समाजांतून आलेला होता. ब्राह्मण कुटुंबाला बाप्तिस्म्याने घर, गोत व प्रतिष्ठा गमवावी लागे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला त्याच संस्काराने नाव, शाळा आणि पंक्तीतली जागा मिळण्याची आशा असे. ज्याने बाप्तिस्म्यामुळे काही मिळवले, त्याला 'बाप्तिस्म्याविनाही चालेल' हा उदार विचार कसा वाटला असेल? शिवाय ज्या कीर्तनपरंपरेला टिळक आपली म्हणत होते, तिच्या मंदिरांच्या पायऱ्यांशीच या समाजाला अडवले गेले होते. टिळक स्वतः जातिभेद मानीत नव्हते, यात शंका नाही. पण दरबाराची दारे ज्या दिशेने अधिक उघडी होती ती दिशा सवर्ण जिज्ञासूंची होती, असे आमचे मत आहे.

पुढे काळाने या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ही मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा तीत समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे बाप्तिस्म्याची किंमत आता दलित कुटुंबालाही मोजावी लागते, आणि ख्रिस्ताला मानणारा पण संस्कार न घेतलेला भक्त ही टिळकांची कल्पना, त्यांच्या मनातही नसलेल्या कारणाने, पुन्हा अर्थपूर्ण झाली आहे.

दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे तो विसकटला. विश्वस्त नाहीत, निधी नाही, उत्तराधिकाऱ्याची योजना नाही. संस्थेला जे लागते त्यातले काहीच टिळकांनी गोळा केले नव्हते. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दरबार पुढे नेणारे कोणी निघाले नाही. पदे मात्र राहिली. ज्या मंडळ्यांनी दरबाराची कल्पना स्वीकारली नाही, त्यांच्याच 'उपासना संगीत' या संग्रहात टिळकांच्या रचना मोठ्या संख्येने आल्या आणि आजही म्हटल्या जातात.

आज मुंबईच्या उपनगरांत नवी मंडळी सुरू होते ती बहुधा एखाद्याच्या राहत्या घरातील प्रार्थनासभेतून. पाच-सात कुटुंबे जमतात, साक्ष दिली जाते, आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. संख्या वाढली की शाळेचे वा संस्थेचे सभागृह रविवारपुरते भाड्याने घेतले जाते. मग पाळक, दान, नोंदणी हे सर्व क्रमाने येते. वास्तू शेवटी, आणि जागेच्या भावामुळे पुष्कळदा कधीच नाही. बाह्य रूपाने हे सर्व दरबाराच्या जवळचे आहे. सभेला नियमाने येणारे व बाप्तिस्मा न घेतलेले श्रोतेही तेथे असतातच. फरक आहे तो भाषेचा. येथील गीते पुष्कळदा इंग्रजी वा हिंदी कोरसची घाईने केलेली मराठी रूपे असतात; यमक जुळते, पण शब्दावरचा आघात चालीशी भांडत राहतो. त्यांच्या शेजारीच मध्ये टिळकांचे एखादे पद घेतले जाते आणि वृद्ध स्त्रिया पुस्तक न उघडता ते म्हणतात. या गीतांचे संकलन व त्यांतील मराठीचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. तो करू इच्छिणाऱ्याने 'ज्ञानोदया'चे १९१२ ते १९१९ या वर्षांतील अंक आधी नजरेखालून घालावेत. आपण दरबाराकडे कसे येत गेलो, हे टिळकांच्या त्या काळातील लेखनातच शोधावे लागेल.