दुधासोबतचा कोरडा घास

डुकरीण पिल्लांना दिवसभर पाजत बसत नाही. तासाभरानं, कधी त्याही आधी, ती कुशीवर आडवी होते आणि घशातून एका लयीत गुरगुरू लागते. पिल्लं आपापला सड धरून नाकाडानं ढुसण्या देतात. गुरगुरण्याचा ठेका वाढला की पान्हा सुटतो, पण जेमतेम पंधरा-वीस सेकंद. पुढे कितीही चोखा, काही येत नाही. सडांची वाटणीही पहिल्या काही दिवसांतच होऊन जाते. पुढच्या सडांना दूध बहुधा जास्त, म्हणून दांडगी पिल्लं ते बळकावतात आणि अशक्तांच्या वाट्याला मागचे येतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर दूध उतरू लागतं, पिल्लांची भूक मात्र चढतीच. म्हणून साधारण दहाव्या दिवसापासून त्यांच्यापुढे वेगळं खाद्य ठेवतात. पालक त्याला क्रीप खाद्य म्हणतात. शेडच्या एका कोपऱ्यात दांड्या अशा ठोकायच्या, की पिल्लू खालून सटकेल पण आईला तोंड घालता येणार नाही. नाहीतर सगळा खुराक तीच फस्त करते.

या वयात पिल्लाचं पोट दुधासाठीच घडलेलं असतं. दुधातली साखर त्याला सहज पचते. स्टार्च आणि वनस्पतीजन्य प्रथिनं पचवणारे पाचकरस हळूहळू वाढतात. म्हणून मक्याचा भरडा बारीक हवा, सोयाबीन कच्चं अजिबात नको, आणि दुधाची भुकटी किंवा मासळीचा चुरा परवडेल तेवढा घालावा. प्रथिनं 20 ते 22 टक्के, सोबत खनिज मिश्रण आणि गोडीसाठी थोडी मळी. लोहाची भिस्त मात्र या खाद्यावर ठेवू नये. पिल्लाला रोज सात ते दहा मिलिग्रॅम लोह लागतं, दुधातून मिळतं सुमारे एक मिलिग्रॅम. त्यासाठी तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचं इंजेक्शन द्यावंच लागतं.

पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लं खाद्य खातात कमी, उधळतात जास्त. ते पाहून पालक वैतागतो, आणि चूक तिथेच होते: एकदाच ताटलीभर ओतून मोकळं व्हायचं. सकाळचं खाद्य दुपारपर्यंत मुतानं भिजतं, आंबतं, मग पिल्लू त्याला नाकही लावत नाही. मूठभरच, पण दिवसातून तीन-चारदा ताजं टाकावं. ताटली उथळ आणि जड असावी, म्हणजे उलटत नाही. शेजारी स्वच्छ पाणी हवंच. दूध पितंय म्हणजे पाणी नको, हा समज खुळा आहे.

एवढा खटाटोप वजनासाठी असेल, तर हिशेब बसेलच असं नाही. खरा फायदा दूध तोडल्यावर दिसतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2002 च्या सुमारास क्रीप खाद्यात क्रोमिक ऑक्साइड हा हिरवा रंग मिसळला. ज्यांची विष्ठा हिरवी, ती खाणारी. बाकीची नुसती दुधावर. एकाच विणीत दोन्ही प्रकारची पिल्लं निघाली. आईपासून तोडल्यावर आधी चव घेतलेली पिल्लं लवकर खायला लागली, बाकीची ताटकळत राहिली. उपाशी राहिलं की आतड्याचं अस्तर झिजतं आणि हगवण लागते. ती रोखायला युरोपात झिंक ऑक्साइडचे मोठे डोस देत. 2022 पासून युरोपीय महासंघात त्यांच्यावर बंदी आहे. तेव्हापासून क्रीप खाद्याची विचारपूस तिकडेही वाढली.

गोव्यात घरामागे एक-दोन डुकरं पाळायची जुनी रीत आहे. काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावानं ‘आगोंद गोवन’ ही काळी देशी जात देशपातळीवर नोंदलेली आहे. यॉर्कशायर संकरातल्या माद्या देशीपेक्षा जास्त पिल्लं देतात, साहजिकच तिथे मागच्या सडांवरची रांगही लांबते आणि क्रीप खाद्याची गरज वाढते. घरच्या किंवा हॉटेलच्या उरल्यासुरल्यावर मोठं डुक्कर निभावतं. पिल्लाच्या पोटाला ते झेपत नाही. त्यातच 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. न उकळलेल्या खरकट्यातून तो पसरू शकतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत मका आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत खाद्य आठवड्यापुरतंच मिसळलेलं बरं.

आपल्याकडे दूध सहसा सहा ते आठ आठवड्यांनी तोडतात. त्या दिवशी आईला हलवावं. पिल्लं त्याच जागी, त्याच ताटलीवर राहू द्यावीत. खाद्यही निदान आठवडाभर तेच ठेवून मग नवं थोडंथोडं मिसळत जावं.